हॅगर्टी की विल्मर

जगन्नाथराव आणि डॉक्टर दिगंबर या दोघांनीही जन्मात कधी अमेरिकन फुटबॉल हातात धरला नव्हता. एकाने नागपूरला कॉलेजात असताना स्लिपमध्ये उभं राहून कॅच घेतले होते, आणि दुसऱ्याने औरंगाबादच्या मेडिकल कॉलेजात कॅरमची ट्रॉफी मिळवली होती. तरीसुद्धा चौऱ्याऐंशी सालच्या त्या फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, आमच्या डेट्रॉइटकडच्या मराठी मंडळींत कुठेही पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने आपापला पदार्थ आणायची पंगत, असली की या दोघांची ताटं उचलायच्या आत जुंपायची. विषय एकच. आपल्या काऊंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हायस्कूल फुटबॉलचा सगळ्यात चांगला ऑफेन्सिव्ह कोच कोण.

ऑफेन्स म्हणजे बॉल आपल्याकडे असताना पुढे कसं सरकायचं, एवढं मलाही कळलं होतं. जगन्नाथरावांचं दैवत होतं हॉर्टन क्रीक हायस्कूलचा कोच हॅगर्टी. तो पोरांना बॉल लांब फेकायला लावायचा आणि लांब पळून झेलायला लावायचा. डॉक्टरांचं दैवत ट्रॉयच्या शाळेतला म्हातारा कोच विल्मर. त्याची पोरं बॉल पोटाशी धरून गर्दीत मुसंडी मारायची, चार पावलं पुढे जाऊन ढिगाऱ्याखाली पडायची, उठायची आणि पुन्हा तेच करायची.

"तुमचा विल्मर रेडे पाळतो, रेडे," जगन्नाथराव म्हणायचे. "याला कोचिंग म्हणत नाहीत. वीस वर्षं त्याच चार चाली. समोरच्या टीमला पाठ झाल्यात."

"पाठ झाल्यात ना? मग थांबवून दाखवा म्हणावं," डॉक्टर म्हणायचे. ते भूल देणारे डॉक्टर होते आणि बोलतही तसेच, हळू आणि थंड. "हॅगर्टीच्या गावात प्रत्येक घरी तीन गाड्या आणि सहा फुटी पोरं. तिथे कोणीही पॉइंट करेल. विल्मरला मिळतात कुठली पोरं? त्यातून तो टीम उभी करतो. त्याला म्हणतात कोच."

"स्कोर बघा, डॉक्टर. स्कोर."

"स्कोर कोणाविरुद्ध? आंधळ्यांच्या शाळेविरुद्ध?"

मग आवाज चढायचे. बायका स्वयंपाकघरात एकमेकींकडे बघायच्या. कोणीतरी कॅसेट लावून विषय बदलायचा प्रयत्न करायचं, तर हे दोघे त्या गाण्याच्या वर ओरडायचे. एकदा मंडळींतल्याच राजारामच्या मुलीच्या वाढदिवसाला डॉक्टर केक न खाता निघून गेले आणि जगन्नाथरावांनी त्यांच्या पाठीमागून "पळाला" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. शिकलेसवरलेले, पन्नाशीला टेकलेले पुरुष. माझ्या अंगाची लाही व्हायची. पण मी वाद सोडवायला कधी गेले नाही, कारण माझं तोंड फटकळ आहे आणि मी गेले असते तर वाद तिघांचा झाला असता.

माझ्या रागाला कारण होतं. ज्या पोराच्या जिवावर जगन्नाथराव हॅगर्टीची आरती करत होते, तो पोरगा माझ्या घरात राहत होता.

रवी जगन्नाथरावांचा आणि नंदाचा एकुलता एक. अकरावीत होता. उंच, हडकुळा, पण हात असे की हवेतून काहीही जाऊ दे, त्याच्या हातात येऊन थांबायचं. लहानपणी जगन्नाथरावांनी बॅकयार्डमध्ये त्याला टेनिस बॉलचे कॅच देऊन देऊन पार पिदडला होता, त्याचा हा परिणाम. ट्रॉयच्या शाळेत दहावीत असताना तो विल्मरच्या टीममध्ये गेला, आणि वर्षभरात त्याच्याकडे बॉल जेमतेम दोनचारदा आला. विल्मर फेकतच नाही, तर झेलणार काय. जगन्नाथराव घायकुतीला आले. आपल्याकडे पोराला दहावीला चुकीचा क्लास लागला की बाप जसा गावभर चांगल्या मास्तरांची चौकशी करत फिरतो, तसे ते काऊंटीभर मॅचेस बघत फिरले आणि शेवटी हॅगर्टीवर येऊन थांबले.

इथे सरकारी शाळा घरावरून मिळते. ज्या गावात आईबाप राहतात त्या गावची शाळा, आणि खेळायचं असेल तर हा नियम आणखी कडक. जगन्नाथरावांचं घर ट्रॉयमध्ये. आमचं घर पंधरा मिनिटांवर, हॉर्टन क्रीकमध्ये. एक दिवस ते आपल्या जुन्या मित्राकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, श्रीरंगकडे आले आणि म्हणाले, रवीला तुमच्याकडे ठेवून घ्या. शाळेत सांगू, की आम्ही इकडे घर बघतोय, तोवर मुलगा काकाकडे राहतोय.

"घर बघताय खरंच?" मी विचारलं.

"छे हो वहिनी. व्याजाचे दर बघताय ना. पण मुलगा काकाकडे शिकायला राहिला तर त्यात काय एवढं?"

आणि खरं सांगते, मलाही त्यात काही वाटलं नाही. पुण्यात आमच्या तीन खोल्यांत माझे दोन मामेभाऊ आणि एक आत्येभाऊ शिकायला राहिले होते. चांगल्या शाळेसाठी पोराने नातेवाइकांकडे राहायचं, ही आपल्याकडे अभिमानाने सांगायची गोष्ट. नंदा तेवढी कुरकुरली. ती हॉस्पिटलमध्ये नर्स, ड्यूट्या आडव्यातिडव्या, आणि आता पोरगाही घरी नाही. पण जगन्नाथरावांपुढे तिचं काही चाललं नाही. ऑगस्टमध्ये रवी बॅग घेऊन आमच्याकडे आला. आम्हाला मूलबाळ नाही. पहिल्या आठवड्यात मी त्याला पाहुण्यासारखं वाढत होते, दुसऱ्या आठवड्यात त्याला ओल्या टॉवेलवरून बोलत होते, आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत त्याची प्रॅक्टिस सुटायची वेळ झाली की माझे डोळे खिडकीकडे लागायला लागले.

सीझन सुरू व्हायच्या आधी जगन्नाथरावांनी कोच हॅगर्टीला जेवायला बोलावलं. आमच्या घरी, अर्थातच, कारण रवीचं घर ते. गुरूला एकदा घरी बोलावून जेवू घातल्याशिवाय त्यांना चैन पडेना. नंदाची त्या दिवशी ड्यूटी होती. मी श्रीखंड केलं, पुऱ्या तळल्या. हॅगर्टी मोठा हसरा माणूस, लाल मानेचा. पुरी फुटली की त्याला लहान पोरासारखा आनंद व्हायचा. रवी त्याच्या शेजारी बसला होता आणि घास गिळताना सुद्धा कोचकडे बघत होता.

"मग जग, घर मिळालं का इकडे?" हॅगर्टीने विचारलं.

जगन्नाथरावांची छाती फुगली. "कोच, आम्ही कुठे जात नाही. आमचं घर ट्रॉयमध्येच राहणार. या मुलाला मी इथे ठेवलाय तो फक्त तुमच्यासाठी."

हॅगर्टी चावायचा थांबला. मग त्याने आणखी एक पुरी घेतली आणि म्हणाला, "जग, हे मी ऐकलंच नाही असं समज."

जगन्नाथराव हसले. त्यांना तो कोचचा विनय वाटला. मला वाटला नाही, पण त्यातलं गांभीर्य मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मी पुऱ्या आणायला आत गेले.

सीझन असा गेला की जगन्नाथराव जमिनीवर राहिले नाहीत. हॉर्टन क्रीक एकामागून एक मॅच जिंकत होतं आणि रवीचं नाव लाउडस्पीकरवर येत होतं. तिथला अनाउन्सर त्याचं आडनाव असं काही चावून टाकायचा की ऐकवत नसे, पण लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. बेकरीतली बाई मला "रवीज आंट" म्हणून ओळखायला लागली. शाळेत रवी पहिल्यांदाच असा चालायचा की खांदे पडलेले नसायचे. प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीच्या मॅचेस, जवळ आले होते. खेळणाऱ्या पोरांना स्कॉलरशिप देणाऱ्या, दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजचा माणूस त्याला बघून गेला आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो म्हणाला. पुढचं वर्ष म्हणजे बारावी, शेवटचं. रवी त्या वर्षाबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही.

आणि मग तो रेडिओ आला.

दर शनिवारी सकाळी एक लोकल स्टेशन हायस्कूल फुटबॉलवर कार्यक्रम करायचं. लोक फोन करून काय वाटेल ते बोलायचे आणि बड नावाचा होस्ट त्यांना चढवायचा. त्या शनिवारी बडने प्रश्न टाकला, काऊंटीतला बेस्ट ऑफेन्सिव्ह कोच कोण. मी रवीला पोहे वाढत होते. श्रीरंग पेपर वाचत होता. फोनवर आवाज आला तो मी पहिल्या शब्दाला ओळखला.

"गुड मॉर्निंग बड. माय नेम इज डॉक," असं म्हणून दिगंबर विल्मरचं कौतुक करायला लागले. पुढच्या मिनिटाला बड म्हणाला, दुसऱ्या लाइनवर ट्रॉयचाच एक माणूस आहे आणि तो अजिबात सहमत नाही, आणि त्याने दोघांना एकत्र जोडलं. आमच्या स्वयंपाकघरात पॉटलकमधलं भांडण सुरू झालं, फक्त इंग्रजीत. बडला उकळ्या फुटत होत्या. हे दोन गृहस्थ कुठून आलेत हेच त्याला कळत नव्हतं, पण ते एकमेकांचे गळे धरायला निघालेत हे कळत होतं.

"विल्मर इज अ बुलक कार्ट," जगन्नाथराव म्हणाले.

"सर, तुम्ही राहता कुठे?" डॉक्टरांनी त्या थंड आवाजात विचारलं. "ट्रॉयमध्येच ना? टॅक्स विल्मरच्या शाळेला देता. हॅगर्टी एवढा ग्रेट असेल तर तुम्ही अजून विल्मरच्या गावात कसे?"

मी हातातला झारा खाली ठेवला. श्रीरंगने पेपर खाली केला. जगन्नाथरावांच्या जिभेवर काय येणार ते मला दिसत होतं, पण रेडिओत हात घालून कोणाचं तोंड धरता येत नाही.

"मी राहतो ट्रॉयमध्ये," जगन्नाथराव विजयी आवाजात म्हणाले. "पण माझा मुलगा राहत नाही. मी त्याला हॉर्टन क्रीकमध्ये मित्राच्या घरी ठेवलाय, फक्त हॅगर्टीकडे खेळायला. विल्मरसाठी कोणी असं करेल? सांगा, कोणी करेल? दॅट इज द प्रूफ."

 बड म्हणाला, "वेल, फोक्स," आणि गाद्यांच्या दुकानाची जाहिरात लागली.

रवीने चमचा प्लेटमध्ये ठेवला.  "ही जस्ट टोल्ड एव्हरीबडी," तो म्हणाला, आणि उठून वर गेला.

थोड्या वेळाने जगन्नाथरावांचा फोन आला. "ऐकलंत वहिनी? डॉक्टरांची बोलती बंद केली की नाही?" त्यांना अजून काही कळलंच नव्हतं. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. नंतर मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मी फक्त प्रश्न विचारला, वहिनी. तो स्वतःच्या तोंडाने बोलला." मी म्हटलं, तुम्ही भूल दिल्यावर पेशंटला काय विचारायचं ते तुम्हाला बरोबर माहीत असतं. ते म्हणाले, मुलाचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. माझा विश्वास तेव्हाही बसला नाही आणि आजही नाही.

सोमवारी शाळेने रवीला टीममधून काढलं. नियम असा, की बाहेरचा पोरगा खेळला असेल तर त्या टीमच्या सगळ्या जिंकलेल्या मॅचेस हरल्या म्हणून धरायच्या. हॉर्टन क्रीकचा अख्खा सीझन पुसला गेला. प्लेऑफ संपले. ज्या गावाने उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या त्याच गावाने आमच्या दारावर अंडी फेकली. फोन वाजायचा, उचलला की कोणीतरी शिवी द्यायचं आणि ठेवून द्यायचं, किंवा उंटावर बसून परत जा असं सांगायचं. बेकरीतल्या बाईने माझ्या हातात ब्रेड दिला तो तोंड फिरवून. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्या पोराच्या, आईने पार्किंगमध्ये माझी गाडी अडवून विचारलं, तुमच्या देशात सगळे असंच खोटं बोलतात का. मी म्हटलं, नाही, काही लोक फारच खरं बोलतात, तीच तर भानगड झाली. तिला ते कळलं नाही.

रवीशी शाळेत कोणी बोलेना. त्याच्या लॉकरवर काय लिहिलं होतं ते त्याने मला सांगितलं नाही, पण एक दिवस तो घरातली स्पिरिटची बाटली आणि फडका घेऊन शाळेत गेला. जेवायला बसला की ताटातलं इकडून तिकडे करायचा.

मग शाळांच्या फुटबॉल लीगच्या कमिटीने सगळ्यांना बोलावलं. त्याच्या आदल्या रविवारी दुपारी आम्ही जगन्नाथरावांच्या घरी बसलो होतो. कमिटीच्या चेअरमनने फोनवर श्रीरंगला सगळं समजावून सांगितलं होतं. प्रश्न एकच होता, हे कुटुंब घर बदलणार नाही हे कोचला ठाऊक होतं का. कोचला ठाऊक असून त्याने पोराला खेळवलं असेल तर दोष कोचचा. मग रवी ट्रॉयच्या शाळेत परत जाऊ शकत होता आणि पुढच्या वर्षी विल्मरच्या टीममधून खेळू शकत होता. कोचला माहीत नसेल, तर घरच्यांनी शाळेला आणि कोचला फसवलं असं ठरणार, आणि रवीवर पूर्ण वर्षाची बंदी. म्हणजे बारावी गेली. म्हणजे सगळंच गेलं.

"मग यात विचार कसला करायचा?" मी म्हटलं. "हॅगर्टीला तुम्ही माझ्या टेबलावर बसून सांगितलंत. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तेवढं सांगा."

जगन्नाथराव खिडकीबाहेर बघत होते. "त्याची नोकरी जाईल, वहिनी."

"जाऊ दे."

"तुम्हाला समजत नाही. असा कोच पुन्हा होणार नाही. माझ्या एका शब्दाने तो माणूस संपेल. त्याने माझ्या मुलाला घडवलं. गुरूला खड्ड्यात घालून पोराला वर काढू?"

"गुरू कसला? तो माझी पुरी खाऊन 'ऐकलं नाही' म्हणाला तेव्हाच तो स्वतःची सोय करून ठेवत होता."

तेवढ्यात फोन वाजला. नंदाने उचलला आणि जगन्नाथरावांना दिला. डॉक्टर होते. त्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत नव्हता, पण जगन्नाथरावांचा चेहरा दिसत होता. फोन ठेवून ते म्हणाले, "दिगंबर म्हणतोय, खरं सांगून टाका. तो विल्मरशी बोललाय. विल्मर पुढच्या वर्षी रवीला घ्यायला तयार आहे. बॉलही फेकेन म्हणतो."

"मग झालं तर," नंदा म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल पडला.

"काय झालं?" जगन्नाथराव तिच्यावर खेकसले. "त्याला तेच हवंय. हॅगर्टी बदनाम, आणि माझा मुलगा विल्मरच्या कळपात. मग जन्मभर तो प्रत्येक पॉटलकला मला ऐकवणार."

 श्रीरंग मूग गिळून बसला होता. मी जगन्नाथरावांकडे बघत राहिले. गुरू, घडवणं, कृतज्ञता हे सगळं बाजूला सरलं होतं आणि खालचं जे होतं ते आम्हा सगळ्यांच्या समोर पडलं होतं. मला त्या माणसाची किळस आली. मी तसं म्हटलंही. नंदा रडायला लागली आणि रवी जिन्यावर बसून सगळं ऐकत होता.

कमिटी शाळेच्या लायब्ररीत बसली. हॅगर्टी टाय लावून आला होता, गुडघ्यांवर हात ठेवून सरळ बसला होता. त्याने शांतपणे सांगितलं की कुटुंब गावात येणार आहे असंच त्याला सांगितलं गेलं होतं, आणि या लोकांच्या रीतीभातींची त्याला फारशी कल्पना नाही. हे लोक, असं तो म्हणाला. माझ्या श्रीखंडाच्या दोन वाट्या खाल्लेला माणूस.

चेअरमनने जगन्नाथरावांना विचारलं, "तुम्ही घर बदलणार नाही हे कोचना कधी सांगितलं होतं का?"

मला शेवटपर्यंत वाटत होतं की बाप आहे, पोराकडे एकदा बघेल. त्यांनी हॅगर्टीकडे बघितलं. "नो सर," ते म्हणाले. "कोचला काही माहीत नव्हतं. चूक माझी."

"हे खोटं आहे," मी उभी राहून म्हटलं. "माझ्या घरी, माझ्या टेबलावर, यांनी कोचना सांगितलं. कोच म्हणाले, हे मी ऐकलंच नाही असं समज. मी तिथे होते."

हॅगर्टीची मान आणखी लाल झाली. चेअरमनने श्रीरंगला विचारलं, तुम्हीही होतात का. माझ्या नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाला की खूप गप्पा चालू होत्या, नक्की कोण काय बोललं ते आठवत नाही. माझं लग्न झाल्यापासून मी त्याच्यावर एवढी कधी संतापले नव्हते. त्या खुर्चीतून उठून थेट विमानतळावर जावंसं वाटलं.

मग चेअरमन रवीकडे वळले. ते चांगले गृहस्थ होते, आवाज मऊ होता. ते म्हणाले, "बेटा, दोन मोठी माणसं दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत. तू त्या जेवणाला होतास. तू काय ऐकलंस?"

सगळी लायब्ररी रवीकडे बघत होती. खरं सांगितलं तर पुढचं वर्ष त्याचं होतं. पण मग सगळ्यांसमोर, कागदावर, त्याचा बाप खोटारडा ठरत होता. रवीने जगन्नाथरावांकडे बघितलं. जगन्नाथराव जमिनीकडे बघत होते.  

"मी पुऱ्या आणायला किचनमध्ये गेलो होतो," तो इंग्रजीत म्हणाला. "मी काही ऐकलं नाही."

पुऱ्या मी आणल्या होत्या. तो हॅगर्टीच्या शेजारी बसला होता, त्याचं कोपर कोचच्या कोपराला लागत होतं. चेअरमननाही ते खरं वाटलं नसावं, कारण ते त्याच्याकडे थोडं जास्त वेळ बघत राहिले. मग त्यांनी हातातलं पेन टोपण लावून ठेवलं आणि निर्णय वाचला. रवीवर पूर्ण वर्षाची बंदी. कोचवर काही नाही.

बाहेर पार्किंगमध्ये बर्फाचा चिखल झाला होता. हॅगर्टी लगबगीने आमच्या मागे आला आणि त्याने जगन्नाथरावांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "जग, यू आर अ गुड मॅन," तो म्हणाला. रवीच्या खांद्यावर त्याने जाता जाता थाप मारली, त्याच्या तोंडाकडे न बघता, आणि आपल्या ट्रकमध्ये बसून निघून गेला.

जगन्नाथरावांचे डोळे भरून आले होते. "बघितलंत?" ते आम्हाला म्हणाले. "मोठा माणूस आहे. दोन्ही हातांनी हात धरला माझा."  मला बोलायचं नव्हतं, त्यांना मारायचं होतं. नंदा त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर तोंडावर ओढणी धरून बसली होती.

रवीची बॅग आणि पुस्तकं मी सकाळीच आमच्या गाडीत आणून ठेवली होती, कारण आज तो परत ट्रॉयला जाणार हे ठरलेलंच होतं. जगन्नाथरावांनी आपल्या गाडीची डिकी उघडली आणि म्हणाले, "रवी, तुझं सामान आण इकडे. चल, आई थांबलीय."

रवी हलला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. "काकू, मी तुमच्याकडेच राहिलो तर चालेल?"

 मी होकारार्थी मान हलवली.

"आता कशाला?" जगन्नाथराव म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. "आता वर्षभर खेळायचंच नाही. मग त्या घरी राहून उपयोग काय?"

"आय नो, बाबा," रवी म्हणाला, आणि आमच्या गाडीत मागे बसून त्याने दार लावून घेतलं.